‘सरासरी’, ‘मानांकन’ आणि ६५ गुण

प्रश्न : मेटाक्रिटिकवर (समीक्षकांचे गुण एकत्र करून १०० पैकी एक आकडा देणारे संकेतस्थळ) एका चित्रपटाला ६५ गुण आहेत, एका व्हिडिओ गेमलाही ६५. मराठीत दोन्हींना ‘चांगला’ म्हणावे का? आणि रेटिंगला ‘मानांकन’ चालेल?

उत्तर : चित्रपट ‘चांगला’, गेम ‘मध्यम’ किंवा ‘ठीकठाक’. आकडा एकच असला तरी पट्ट्या वेगळ्या आहेत. तिथे चित्रपटाला ६१ पासून हिरवा रंग मिळतो, ४० ते ६० पिवळा, त्याखाली लाल. गेमला हिरव्यासाठी ७५ लागतात आणि ५० च्या खाली लगेच लाल. दहावीच्या गुणपत्रिकेच्या भाषेत सांगायचे तर चित्रपटाला प्रथम श्रेणी पुरते, गेमला विशेष प्रावीण्यच हवे.

‘मानांकन’ टाळा. टेनिसमुळे त्या शब्दाला क्रमवारीचा अर्थ चिकटला आहे. साधे ‘गुण’ लिहा, तारे असतील तर ‘तारे’.

आणखी एक : फरकाचे मूळ परंपरेत आहे. चित्रपट समीक्षक चार ताऱ्यांत मोजत आले. चारपैकी दोन तारे म्हणजे मेटाक्रिटिकच्या हिशेबात ५०, तीन म्हणजे ७५. त्यामुळे पट्टीचा मधला भागही वापरला जातो. गेमची परीक्षणे संगणक मासिकांतून वाढली. तिथे चित्रण, आवाज, नियंत्रण असे एखादे यंत्र तपासावे तसे तपासत. नीट चालणारा गेम सहज सातवर पोहोचायचा, म्हणून १० पैकी ७ चे वजन घटले. ‘एज’ या ब्रिटिश मासिकाने ५ म्हणजे मधला हा अर्थ आग्रहाने जपला, ते मला फार मोलाचे वाटते. ‘फामित्सू’ या जपानी गेम-नियतकालिकात चार परीक्षकांचे प्रत्येकी १०, म्हणजे गुण ४० पैकी. तिथला ३२ हा आकडा शंभरापैकी समजून अनुवादात घेतला, तर गेम नापास झालाच!

पुरवणी : खरा घोटाळा ‘सरासरी’ने होतो. ‘अ‍ॅव्हरेज गेम’ला ‘सरासरी गेम’ म्हणू नये. सरासरी धावांची असते, गुणांची असते. दर्जासाठी ‘मध्यम’, ‘बेताचा’. ‘सुमार’मध्ये नापसंती आहे, तो लाल रंगासाठी राखावा.

रॉटन टोमॅटोज या परीक्षणे एकत्र करणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळाचे टक्के तर गुणच नव्हेत. प्रत्येक समीक्षकाने १० पैकी ६ दिले आणि ती सगळी परीक्षणे अनुकूल धरली गेली, तर तिथला टोमॅटोमीटर, म्हणजे अनुकूल परीक्षणांची टक्केवारी, १०० टक्के दाखवेल. गुणांची सरासरी मात्र ६ च. म्हणून ‘९० टक्के गुण मिळाले’ असे न लिहिता ‘९० टक्के समीक्षकांचे मत अनुकूल’ असे लिहावे.