बंदूक कुणाच्या हातात आहे ते बघून कायदा ठरतो का?

मधली सुट्टी:
मंडळी, सामान्य माणसाला बंदूक ठेवू द्यावी की नाही यावर स्वतःचं मत बनवायचं म्हणून वाचायला घेतलं, मत राहिलं बाजूला, पुढाऱ्यांच्या कोलांट्याउड्या बघूनच दमलो. अमेरिकेचंच बघा. १९६७ साल, कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेची माणसं भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरायचे, जरा अंतरावर उभं राहून पोलीस काळ्या माणसाशी कसे वागतात ते बघत बसायचे, आणि हे तेव्हा चक्क कायदेशीर होतं. मग मलफर्ड नावाच्या रिपब्लिकन आमदाराने हे बंद करणारं बिल आणलं. त्याच्या निषेधाला २ मे रोजी तीसेक पँथर सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात रायफली नि शॉटगन. गव्हर्नर रेगनसाहेब तेव्हा बाहेर हिरवळीवर शाळेच्या पोरांबरोबर होते. बिल पास झालं, सही रेगनची, पाठिंबा एनआरएचा, म्हणजे खुद्द बंदूकवाल्यांच्या संघटनेचा! तेच रेगन १९८३ ला एनआरएच्या अधिवेशनात भाषण ठोकायला हजर, पदावर असताना तिथे बोललेले पहिले राष्ट्राध्यक्ष.
तर प्रश्न असा की बंदूक आपल्या माणसाकडे असो की विरोधकाकडे, भूमिका तीच ठेवणारं कुणी आहे का?

तिरकस:
लांब कशाला जाताय. १८७८ चा आर्म्स ॲक्ट घ्या, हिंदी माणसाने परवान्यासाठी हात पसरायचे आणि युरोपियनांना सूट. गांधींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात लिहिलंय की इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांत इतिहास या कायद्याला सगळ्यात काळं ठरवेल. हो, अहिंसावालेच गांधी. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क लिहूनही टाकला. मग सत्ता आली. घटना समितीत १९४८ ला कामथांनी तो विषय काढला तर दुरुस्ती नामंजूर, आणि कलम १९ मध्ये जमायचा हक्क मिळाला तो 'शांततेने आणि विनाशस्त्र'. १९५९ ला नवा कायदा आला तोही परवान्याचाच.
आता याला दुटप्पीपणा म्हणायचं का? फाळणीच्या दंगली डोळ्यांसमोर असताना तिथे बसलेल्यांना मी तरी नावं ठेवणार नाही. पण जो कायदा परक्यांनी केला तर काळा, तोच ढाचा आपण ठेवला तर कायदा-सुव्यवस्था, हे गंमतीशीर आहेच.

कोरडा पाऊस:
मला मुळात ते 'जनतेकडे बंदुका असल्या की सरकार वचकून राहतं' हेच पटत नाही. सद्दामच्या इराकमध्ये घराघरात बंदुका होत्या, काय वाकडं झालं त्याचं? कारण बंदूकवाले सगळे एका बाजूला कधीच नसतात, त्यातले निम्मे हुकूमशहाचेच असतात. आणि हिटलरने सगळ्यांच्या बंदुका काढून घेतल्या हे जे फॉरवर्ड फिरतं तेही अर्धवट आहे. मार्च १९३८ च्या कायद्याने उलट बहुतेक जर्मनांना, त्यात पक्षाची माणसं आलीच, मोकळीक दिली. नोव्हेंबरात आदेश काढला तो ज्यूंसाठी, की तुम्ही कुठलंच शस्त्र बाळगायचं नाही.

मधली सुट्टी:
@कोरडा पाऊस, अहो पण हे तर माझ्याच बाजूचं झालं की. बंदी बंदुकीवर नसतेच, माणसावर असते. मार्टिन ल्यूथर किंगचं घर १९५६ ला बॉम्बने उडवायचा प्रयत्न झाला, त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला, नाकारला.

तळटीप:
भूमिका बदलली नाही असं नाही म्हणत, पण आपल्याच मतदारांना दुखावणारा एक सापडतो, ऑस्ट्रेलियाचे जॉन हॉवर्ड. १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, हॉवर्डना पंतप्रधान होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि पक्ष उजवा, म्हणजे ग्रामीण भागातले बंदूकवाले शेतकरी हक्काचे मतदार. तरी सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आणली, सरकारने पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका गोळा केल्या. सेल नावाच्या गावी चिडलेल्या बंदूकवाल्यांसमोर बोलायला उभे राहिले तेव्हा कोटाच्या आत बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं आणि ते बाहेरून सरळ कळत होतं. नंतर ते स्वतःच म्हणाले की घालायला नको होतं.
उलट टोक बघायचं तर ह्यूस्टन २०२२. एनआरएचं अधिवेशन, व्यासपीठावर ट्रम्प, भाषण बंदुकीच्या हक्कावर आणि हॉलमध्ये बंदूक न्यायला बंदी. आजी-माजी राष्ट्राध्यक्षांना सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसचा नियम, त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पण मग ज्यांना वर्गात बंदूक द्या असं हीच मंडळी म्हणतात त्या शाळेतल्या मास्तरांनी काय करायचं, हा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

तिरकस:
रेगनवर थोडा अन्याय होतोय पण. १९८१ ला स्वतः गोळी खाल्ली, शेजारी प्रेस सेक्रेटरी ब्रेडी डोक्यात गोळी लागून कोसळला. त्याच ब्रेडीच्या नावाच्या बिलाला, खरेदीआधी थांबायला लावणाऱ्या, रेगननी १९९१ ला उघड पाठिंबा दिला होता.

मधली सुट्टी:
म्हणजे गोळी लागल्यावर दहा वर्षांनी, आणि खुर्ची सोडून दोन वर्षं झाल्यावर. बरं, धरतो.