करसवलत पवनचक्की उभी करण्यासाठी हवी की वीज काढण्यासाठी?

पांझराकाठ
साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून वजा होणारी रक्कम) मिळायचा. १ कोटीचं यंत्र घेतलं की ८० लाख दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा. पंखा वर्षभर किती युनिट देतो, हे कुणी विचारत नव्हतं. म्हणून २००९ मध्ये केंद्राने घसारा न घेणाऱ्यांना युनिटमागे ५० पैसे देणं सुरू केलं. माझ्या मते तीच वाट बरोबर. करदात्याचा पैसा विजेसाठी जावा, लोखंडासाठी नाही.

तापीखोरं
भाऊ, साफ असहमत. औष्णिक केंद्राचा कोळशाचा खर्च वर्षावर्षाला विभागतो. वारा-उन्हाच्या प्रकल्पात जवळजवळ सगळा पैसा आधीच ओतावा लागतो आणि बँकेचं व्याज पहिल्या महिन्यापासून सुरू होतं. सवलत तेव्हाच हवी. २०१२ मध्ये पवनऊर्जेचा वाढीव घसारा काढला आणि देशभर नव्या पवनचक्क्यांचं काम एकदम मंदावलं. २०१४ ला तो परत आणावा लागला. सवलत नसेल तर दर वाढतो, आणि तो शेवटी तुमच्या-आमच्या बिलात येतो.

पांझराकाठ
पण २०१२ मध्ये युनिटमागचे ५० पैसेही थांबले होते. मग मंदीचा दोष एकट्या घसाऱ्याला कसा? शिवाय २०१७ पासून घसारा ४० टक्क्यांवर आला, तरी सौर प्रकल्प वाढतच गेले.

तापीखोरं
वाढले, कारण पॅनेल स्वस्त झाले. पवनचक्कीचं तसं नाही.

बांधावरून
तुम्ही दोघं कंपनीच्याच हिशेबात अडकलात. आमच्या चुलत्यांनी पवनचक्कीला जमीन एकदाच विकली, पैसे घरबांधणीत गेले. वर अवजड गाड्यांनी शेजारच्या शेताचा बांध मोडला, तो आम्हीच भरला. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पाला जमीन भाड्याने दिली की हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. जमीन नावावर राहते. करात सूट घ्यायची तर असं भाडं बंधनकारक करा.

पांझराकाठ
दादा, हे मला पटलं, माझ्या मांडणीत ते राहिलं होतं. तापीखोरं, सुरुवातीच्या खर्चाचा भार हलका व्हावा हे तुमचंही मान्य: सौर साहित्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला, ते योग्यच. वीज जीएसटीबाहेर असल्याने तो कर परत मिळत नाही, खर्चातच मुरतो. पण आयकरातली सूट मात्र मीटर बघूनच द्या.