थकलेले भाडे आणि वीज तोडण्याची धमकी
मुलींच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, कापूस विकला न गेल्यामुळे दोन महिन्यांचे भाडे थकले असून घरमालक वीज तोडण्याची धमकी देत आहेत, तर काय करावे. ताई, घाईने खोली सोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या गावाला लागू असेल (तो कायद्याला जोडलेल्या यादीतील, म्हणजे अनुसूचीतील, ठिकाणांपुरताच आहे, सरसकट प्रत्येक खेड्याला नाही), तर भाडे थकले म्हणून लेखी मागणीची नोटीस दिल्यापासून नव्वद दिवस उलटल्याशिवाय घरमालकाला खोली परत मिळवण्यासाठी न्यायालयात ताब्याचा दावा करता येत नाही, आणि दाव्याचे समन्स (न्यायालयात हजर राहण्याचा आदेश) मिळाल्यावरही नव्वद दिवसांत थकबाकी, त्यावर वार्षिक पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरून, पुढचे भाडे नियमित देत राहिल्यास घर वाचू शकते. योग्य किंवा पुरेशा कारणाशिवाय वीज-पाणी तोडण्यासही हा कायदा मनाई करतो. भाड्याची पावती देणे त्यांना बंधनकारक आहे, ती मागाच. जमेल तेवढी रक्कम बँकेतून द्या आणि कापसाचे पैसे येताच उरलेले देऊ, असे लेखी कळवा. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडून महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तिथे आधी जा.