ट्रॅक्टरच्या वायरीवरचे सिग्नल सगळ्यांसाठी खुले, मग त्यांचा अर्थ कंपनीच्या कुलपात काहून?

वणीचा मिस्त्री:
थेट मुद्द्यावर येतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे ट्रेम-४ चे नियम लागले अन् त्यासोबत कॉमन रेल (जास्त दाबानं डिझेल फवारायची पद्धत), ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सर हे सगळं आमच्या गावापर्यंत आलं. मोटारसायकली तर एप्रिल २०२० पासूनच बीएस-६. आता डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागला की गावातला मिस्त्री हातात पाना घेऊन उभाच राहते, कारण बिघाड काय आहे हे ट्रॅक्टरला माहीत असते, तो वायरीवर सांगूनही राहिला असते, पण ते वाचायचं यंत्र फक्त शोरूमवाल्याकडे. या पेरणीत आमच्याइथल्या एका शेतकऱ्याचा ५५ एचपीचा असाच अडला, आरपीएम वर जाईचना. शोरूमचा माणूस आला तो वापसा निघून गेल्यावर. लॅपटॉप लावला, सेन्सरचा ढिला कनेक्टर दाबून बसवला अन् व्हिजिट चार्ज घेऊन गेला.

आता ऐका. ही वायरीवरची भाषा गुपित नाहीच आहे. तिला कॅन बस म्हणतात, जर्मनीच्या बॉशनं १९८३ पासून बनवायला घेतली अन् फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला ऑटोमोबाईल इंजिनिअर लोकांच्या परिषदेत मांडली. एकमेकींत पिळलेल्या दोन वायरी. संदेश म्हणजे शून्य अन् एक यांची रांग, त्यातल्या एकेकाला बिट म्हणतात. शून्य पाठवायचा तर एक वायर ३.५ व्होल्टवर जाते, दुसरी १.५ वर येते. एक पाठवायचा तर दोन्ही २.५ च्या आसपास. घेणारा फक्त दोघींमधला फरक पाहते, त्यामुळे अल्टरनेटर, स्टार्टरचा विजेचा कचरा दोन्ही वायरींवर सारखाच चढते अन् वजाबाकीत उडून जाते. बिट मोजायला घड्याळाची वेगळी वायर नाही, म्हणून सारखेच पाच बिट लागोपाठ आले की पाठवणारा सहावा उलटा बिट घुसवते, घेणारा त्या बदलावर आपली वेळ जुळवून घेते अन् तो जास्तीचा बिट काढून टाकते. हे सगळं आयएसओ ११८९८ या आंतरराष्ट्रीय मानकात छापलेलं आहे. कोणीही शिकू शकते.

अन् डेट्रॉइट कोणतं गाव? १९०८ मध्ये तिथल्याच कॅडिलॅकच्या तीन गाड्या इंग्लंडात पूर्ण खोलल्या, सुटे भाग एकमेकांत मिसळले, परत जोडल्या अन् ५०० मैल पळवल्या, ड्युअर ट्रॉफी मिळाली त्याच्यावर. त्याच वर्षी फोर्डची मॉडेल टी आली. तिथला शेतकरी ती घरीच खोलत होता, मागचं चाक उचलून पट्टा लावून तिच्यावर लाकडं कापायचा आरा चालवत होता. ज्या शहरानं जगाला खोलता येणारी गाडी दिली तिथंच मांडलेल्या भाषेला आज कुलूप लावून ठेवलं आहे. माझं ठाम मत आहे, बिघाडाच्या संदेशांचा, म्हणजे कोडचा, अर्थ कंपनीनं प्रत्येक मिस्त्रीला द्यावा, कायद्यानं द्यावा.

काळी माती, दारव्हा:
मिस्त्रीभाऊ, तुमचा राग समजते, पण माया हिशोबात हे बसत नाही. आमच्या गावात पाहा, ट्रॅक्टर सारे ४०-४५ एचपीचे, मेकॅनिकल पंपाचे, त्याले ना ईसीयू ना कॅन. ज्यानं बँकेचं कर्ज काढून ५५ चा घेतला त्याले वॉरंटी पाह्यजे, सिग्नलचा अर्थ नाही पाह्यजे. उद्या गावातल्या पोरानं कोठची तरी वायर जोडून ईसीयू जाळला तं कंपनी हात वर करते, अन् ईसीयू कितीले पडते हे तुम्हालेच जास्त ठाऊक. त्यापेक्षा असा कायदा मागा का जून-जुलैत अन् सोयाबीनच्या काढणीत तक्रार दिली तं दुसऱ्या दिवशी माणूस वावरात आलाच पाह्यजे, नाही आला तं त्या दिवसाचं भाडं कंपनीनं भरावं. मले थे कामाचं आहे.

उमरेडचा, सध्या चाकण:
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कॅन बसवर मालक कोणी नसतो. ग्रामसभेत चार जण एकदम बोलायला उठले अन् ज्याचा मान मोठा त्याला ऐकून बाकीचे आपोआप खाली बसले, तसं तिथं चालतं. प्रत्येक संदेशाला नंबर असतो, नंबर जितका लहान तितका त्याचा हक्क आधी, कारण वायरीवर शून्य नेहमी एकावर मात करतो. फार हुशार रचना आहे, वेळ वाया जात नाही. पण यात एक मोठी उणीव आहे, संदेश कोणी पाठवला याची खातरजमा जुन्या कॅनमध्ये होत नाही. जो वायरीला जोडला गेला तो काहीही बोलू शकतो. सॉकेटला लावायच्या एखाद्या स्वस्त डोंगलनं लहान नंबरचा संदेश सारखा टाकत ठेवला तर बाकी सगळे गप्प. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी चालती जीप चेरोकी गाडी दुरून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली, आणि कंपनीला १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावणं, काढावा लागला. त्यानंतरच गेटवे, म्हणजे बाहेरून आलेले संदेश अडवणारी पेटी, आणि कुलपं वाढली. हे मिस्त्री लोकांना छळायला केलेलं नाही.

दुसरं प्रदूषणाचं. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) बंद करून द्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) काढून टाका म्हणणारं गिऱ्हाईक प्रत्येक गॅरेजवर येतं. अर्थ उघडा केला की हे धंदे वाढणार.

पुसदचे गुरुजी:
मी इतिहास शिकवतो, तेव्हा डेट्रॉइटवर बोलल्याशिवाय राहवत नाही. मिस्त्रीभाऊंनी अर्धाच इतिहास सांगितला. मॉडेल टी शेतकऱ्याला खोलता येत होती हे खरं, पण ती बनवणाऱ्या कामगाराचं काय झालं? १९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती लाइन आली, चेसिस जोडायला साडेबारा तास लागायचे तिथं पुढच्या वर्षी ९३ मिनिटं लागू लागली. आधी जो माणूस इंजिन अख्खं जाणत होता तो आता दिवसभर एकच नट आवळू लागला. लोक काम सोडून इतके पळायला लागले की जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर करावे लागले. म्हणजे गिऱ्हाइकाला खोलता येणारी गाडी देणाऱ्या शहरानंच कारागिराच्या हातातलं कसब काढून घेतलं, आणि हे कॅन बसच्या ७० वर्षं आधी झालं. त्यामुळे डेट्रॉइटचं नाव घेऊन गावच्या मिस्त्रीची बाजू लढवता येत नाही.

आणि पुढं त्या शहराचं काय झालं तेही पाहा. १९५० ला लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात, २०२० ला ६ लाख ३९ हजार. कारखाने शहराबाहेर गेले, गोरे लोक उपनगरात गेले, पॅकार्डसारखी जुनी कंपनी १९५६ ला तिथून उठली, १९६७ च्या दंगलीत ४३ माणसं मेली, १९७३ च्या तेलसंकटानंतर छोट्या जपानी गाड्यांनी बाजार घेतला. १९८१ मध्ये एका मोटार कंपनीच्या कारखान्यासाठी पोलटाउन नावाची अख्खी वस्ती उठवली, सुमारे ४,२०० माणसं घराबाहेर, घरं, दुकानं, चर्च सगळं पाडलं. जुलै २०१३ ला शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला, देणं १८ अब्ज डॉलरच्या आसपास. आपल्याकडं दर निवडणुकीला बुटीबोरी, मिहान करत मोठा कारखाना आणू म्हणून सांगतात, पोरं त्याची वाट पाहतात. एका कंपनीच्या ज्ञानावर अख्खा भाग टेकवला की हे होतं, मला याची जास्त काळजी वाटते. कोड मिळाले काय, न मिळाले काय, पोरांना मूळ वीजशास्त्र आलं पाहिजे.

आयटीआयवाली ताई, हिंगणघाट:
गुरुजी, पोरांना मूळ वीजशास्त्र यायला पाहिजे हे अगदी बरोबर, अन् तेच मी रोज शिकवते, म्हणून सांगते की कुलूप मधे येतेच.

साधं मल्टिमीटर घ्या. बॅटरी काढा. कारला खाली ओबीडीचा, म्हणजे बिघाड वाचायचा, जो सॉकेट असते त्याच्या ६ अन् १४ नंबरच्या पिनेवर ओहम मोजा, ट्रॅक्टरच्या ९ पिनेच्या गोल सॉकेटवर सी अन् डी वर. कॅनच्या दोन्ही टोकाला १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असते, दोन्ही समांतर, म्हणून ६० यायला पाहिजे. १२० आले तर एक टोक तुटलं. शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकीला लागल्या, उंदरानं कुरतडली असेल, रोटावेटरच्या धक्क्यानं घासली असेल. दहावी पास पोरगा हे करते. इथवर कोणाची परवानगी लागत नाही.

पुढं जा. ट्रॅक्टर-ट्रकमध्ये जे-१९३९ नावाची पद्धत कॅनच्या वर बसते, तिच्यात इंजिनचा वेग दोन बाइटमध्ये येते (आठ बिट म्हणजे एक बाइट), एकेक आकडा म्हणजे ०.१२५ आरपीएम. वायरीवर १४,४०० दिसलं तर १८०० आरपीएम. पाण्याचं तापमान एका बाइटमध्ये, त्यातून ४० वजा करायचे, १३० दिसलं तर ९० अंश. पोरांना हे फळ्यावर सोडवून दाखवलं तर त्यांचे डोळे चमकतात हो. पण ज्या संदेशात खरा बिघाड दडला असते तो बऱ्याचदा कंपनीचा खासगी नंबर असते, तिथं आकडे दिसतात अन् अर्थ नाही. वायर तपासता येते, बिट मोजता येतात, भाषांतर मात्र विकत घ्यायचं तेही कंपनी विकेल तर. मी काय शिकवू सांगा.

अन् चाकणच्या दादांना एक विचारते. ऐकणं अन् बोलणं वेगळं नाही का? कॅनच्या चिपमध्येच फक्त ऐकायचा मोड असते, त्यात तो साधा पोचपावतीचा बिटही वायरीवर टाकत नाही. ऐकणाऱ्यापासून ट्रॅक्टरला धोका कोणता?

उमरेडचा, सध्या चाकण:
ताई, ऐकण्यातून धोका कमी, मान्य. पण कोड म्हणजे निदान नाही हे लोक विसरतात. कोड म्हणतो रेल प्रेशर, म्हणजे कॉमन रेलमधला डिझेलचा दाब, कमी. याचा अर्थ सेन्सर बदला असा होत नाही. फिल्टर चोंदला असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, पंप थकला असेल. कंपनीच्या लॅपटॉपमध्ये कोडसोबत तपासण्याचा क्रमही असतो, तो बनवायला माणसं आणि पैसा लागतो. नुसती यादी गावात वाटली तर शेतकऱ्याचे सेन्सरवर सेन्सर बदलले जातील आणि बिल वाढेल. हे मी पाहिलेलं आहे.

वणीचा मिस्त्री:
दादा, डिझेलमध्ये पाणी आहे हे ओळखायला लॅपटॉप लागते का? ड्रममधून हातपंपानं भरलेलं डिझेल, पावसाळ्यात झाकण उघडं राहिलेलं, फिल्टरचा बाऊल खोलला की खाली पाण्याचा थर दिसते. तुमच्या शोरूमचा पोरगा बाऊल खोलतच नाही, तो स्क्रीन पाहते. आम्हाला फक्त एवढं कळू द्या की ट्रॅक्टर रेल प्रेशर म्हणून ओरडून राहिला का तापमान म्हणून, बाकीचं हात अन् कान पाहून घेतील.

अन् हे जगावेगळं मागणं नाही. अमेरिकेत १९९६ पासून नव्या कारला ओबीडी-२ चं समान सॉकेट अन् समान कोड सक्तीचे आहेत, म्हणून तिथं कोणत्याही गॅरेजला ते वाचता येतात. आपल्याकडं स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुटे भाग अन् निदानाची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत म्हणून एकूण २,५४४ कोटींचा दंड सांगितला होता, मग प्रकरण कोर्टात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची यंत्रं होती. पण कंपनीनं कोड दिलेच पाहिजे असा कायदा कुठं आहे?

गुरुजी, तुमचं फोर्डचं सांगणं मला पटते अन् म्हणूनच मी चिडतो. तिथं लाइनवरच्या माणसाचं कसब गेलं, पण गावोगावच्या मिस्त्रीचं उरलं होतं. आता तेही जाऊन राहिलं.

काळी माती, दारव्हा:
वॉरंटीचं कोणीच बोलून नाही रायलं. कोड वाचला म्हणून वॉरंटी जाणार नाही असं कायद्यात लिहून येत असन तं मी तुमच्या बाजूनं, नाही तं नाही. शेतकरी हप्ता भरते, मिस्त्री नाही भरत.

पुसदचे गुरुजी:
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. वाचण्याचा हक्क आणि वॉरंटी एकाच कलमात यायला पाहिजे, वेगवेगळं ठेवलं तर कंपनी एका हातानं देईल, दुसऱ्यानं काढून घेईल.

उमरेडचा, सध्या चाकण:
वाचणं खुलं आणि वॉरंटी कायम, इथवर माझी तक्रार नाही. पण कोड पुसण्याचा अधिकार बाहेर देऊ नये. दिवा विझवायचा आणि बिघाड तसाच ठेवून ट्रॅक्टर विकायचा, असं सर्रास होईल.

आयटीआयवाली ताई, हिंगणघाट:
बिघाड खरंच तसाच असला तर ईसीयू तो पुन्हा पकडते अन् दिवा पुन्हा लागते, दादा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण काही बिघाडात दुरुस्ती झाल्यावरही कोड पुसल्याशिवाय इंजिन पूर्ण ताकद देत नाही. मग कनेक्टर आमच्या पोरानं बसवला तरी पुसायला शोरूमवालाच बोलवायचा, अन् काळी मातीवाल्या भाऊंना व्हिजिट चार्ज तेवढाच लागणार. पुसल्याची तारीख अन् इंजिनचे तास ईसीयूत कायम नोंदवून ठेवा, विकत घेणाऱ्याला दिसतील. पण पुसू द्या.