चर्चमधलं भजन आणि गोरगरिबांचं काम, कोल्हापूरकरांनी सांगा

रंकाळाकर: मंडळी, नाताळात मित्राच्या घरी भजनाला गेलतो, पेटी, तबला, टाळ सगळं होतं आणि मावशी अभंगाच्या चालीत येशूचं गाणं म्हणत होत्या, लई भारी वाटलं. असं आपल्याकडंच आहे का सगळीकडं? आणि चर्चचं गरिबांसाठीचं काम नेमकं काय झालं इकडं?

शाहूपुरीवाला: प्रत्येक मुलखाची आपली तऱ्हा असतीय बघा. इथिओपियात मोठे ढोल बडवत उपासना, केरळात जुने ख्रिस्ती लग्नात ताली बांधतात, आपल्याकडं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे रेव्हरंड वायल्डर १८५२ ला आले, वायल्डर चर्च त्यांच्याच नावाचं. कामाचं म्हणाल तर मिरजेचं वानलेस हॉस्पिटल, शिवाय कुष्ठरोग्यांना घरचे बाहेर काढायचे तेव्हा मिरजेतच त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना निघाला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

गडहिंग्लजची_लेक: काम झालं हे खरंच, आमची पणजी मिशनच्या शाळेमुळंच वाचायला शिकली. पण एक बोलते. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना, मग १९५६ ला शीख, १९९० ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. गावात मात्र आडनाव बघूनच वागवतात, आणि चर्चमधलेसुद्धा सोयरीक जुळवताना जात विचारतातच की ओ! टाळ वाजवणं सोपं आहे, हे आधी बोला.

रंकाळाकर: ताई, हे खरंच माहीत नव्हतं. पोरांच्या ॲडमिशनला मग कुठला दाखला लावता तुम्ही?