मदत हवी आहे: वजन योग्य असूनही चरबी जास्त, हृदयाच्या दृष्टीने याचा अर्थ काय?

दीपस्तंभ: वार्षिक तपासणीत माझे वजन ६८ किलो, म्हणजे उंचीच्या मानाने योग्य भरले, परंतु अनवाणी उभे राहायच्या यंत्राने शरीरातील चरबी २९ टक्के दाखवली आणि रक्तात ट्रायग्लिसराइड्स (रक्तातील चरबी) २१० व एचडीएल ("चांगले" कोलेस्टेरॉल) ३४ निघाले. डॉक्टरांनी घाईघाईत "पोट कमी करा" एवढेच सांगितले. वजन वाढलेलेच नसताना कमी काय करायचे? कृपया लवकर उत्तर द्यावे.

काटेकोर: आपण उंची, वय, कमरेचा घेर आणि रक्तदाब यांपैकी काहीच लिहिलेले नाही. ते यंत्र पायांतून क्षीण वीजप्रवाह सोडून चरबीचा केवळ अंदाज बांधते. शरीरातील पाणी कमीजास्त झाले की तो आकडा हलतो.

नियमव्रती: रोज सोळा तासांचा उपवास करावा. माझे ११ किलो उतरले.

सांजवारा: नियमव्रती, धागाकर्त्यांचे वजन वाढलेले नाही, हाच तर त्यांचा प्रश्न आहे. चरबी किती यापेक्षा ती कुठे साठली आहे, हे महत्त्वाचे ठरते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात पोहोचतात, यकृत ट्रायग्लिसराइड्सचे कण अधिक प्रमाणात रक्तात सोडते आणि एचडीएल घसरते. मांड्यांवरची चरबी एवढी उपद्रवी नसते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालची नऊ-दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली, तरी त्यांचा रक्तदाब किंवा ट्रायग्लिसराइड्स सुधारले नाहीत.

चौकस: लायपोसक्शननंतर किती दिवस विश्रांती घ्यावी लागते?

पाऊलवाट: ते इथे कोणीच करणार नाही! जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा वजने उचलावीत. नुसत्या उपवासाने स्नायूही झिजतात.

नियमव्रती: माझे झिजलेले नाहीत.

पाऊलवाट: कशावर मोजलेत? त्याच यंत्रावर?

दीपस्तंभ: माझे वय ४६, उंची १६८ सेंटीमीटर आणि कंबर ३४ इंच आहे.

काटेकोर: ३४ हा पँटचा नंबर असावा. पोट सुटले की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर टेप लावावी. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे आपल्या बाबतीत ८४ सेंटीमीटरपेक्षा, कमी असावा.

दीपस्तंभ: ९७ सेंटीमीटर. टेप तिरकी धरली असेल म्हणून पत्नीने पुन्हा मोजले, ९७च. तपासणीत रक्तदाब १४२/९२ होता. प्रश्न चरबीचा असल्याने तो लिहिला नव्हता.

काटेकोर: तोच आधी लिहायला हवा होता. चरबीच्या पेशी रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकाचा कच्चा माल तयार करतात आणि पोटातील चरबी मूत्रपिंडांवर दाबही आणते, त्यामुळे हे प्रश्न वेगळे नाहीत. एका नोंदीवरून निदान होत नाही; रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजून घ्यावा आणि हे सर्व आकडे घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटावे. औषधाचा निर्णय त्यांचा.

दीपस्तंभ: उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. रक्त पुन्हा तपासायचे झाल्यास उपाशीपोटी जावे का?

नियमव्रती: उपाशीपोटीच जावे. मी पहिल्यापासून तेच सांगत आहे.