पॉड पुन्हा सुरू केला की काफ्का स्ट्रीम्सचे पार्टिशन दुसरीकडे का जातात?

प्रश्न:
आमचे काफ्कातील संदेशांवर प्रक्रिया करणाऱ्या काफ्का स्ट्रीम्स या लायब्ररीवरील अ‍ॅप्लिकेशन प्रत्येक ग्राहकाच्या व्यवहारांची बेरीज (म्हणजे स्टेट) रॉक्सडीबी या स्थानिक डेटाबेसमध्ये ठेवते. कुबरनेटिसवर नवी आवृत्ती चढवताना पॉड (अ‍ॅप्लिकेशनच्या चालू प्रती) एकेक करून बंद होतात आणि पुन्हा सुरू होतात. दर वेळी काही पार्टिशन (टॉपिकमधील संदेशांचे भाग) दुसऱ्या पॉडकडे जातात आणि तिथे चेंजलॉग टॉपिक (स्टेटमधील बदलांची काफ्कातील नोंद) पहिल्यापासून वाचून स्टेट उभी होईपर्यंत त्यांवरचे संदेश तुंबून राहतात. पार्टिशन कोणाला द्यायचे हे ठरवणारी असाइनमेंट स्ट्रॅटेजी म्हणून कोऑपरेटिव्ह स्टिकी असाइनर लावून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. पार्टिशन मूळ पॉडकडेच राहावेत यासाठी काय करावे?

उत्तर १:
फरक पडणार नव्हताच, कारण ते सेटिंग साध्या कन्झ्युमरसाठी (संदेश वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी) आहे. काफ्का स्ट्रीम्स स्वतःचाच असाइनर वापरते. आपल्याला हवी आहे ती स्टॅटिक मेंबरशिप, म्हणजे पुन्हा सुरू झाल्यावरही पॉडची ओळख तीच राहणे, जी काफ्काच्या २.३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. प्रत्येक पॉडला न बदलणारा ग्रुप इन्स्टन्स आयडी द्यावा. स्टेटफुलसेट (पॉडची नावे कायम ठेवणारी कुबरनेटिसची सोय) असेल तर पॉडचे नावच त्यासाठी चालते. मग पॉड सेशन टाइमआउटच्या (पॉड गेला असे मानण्याआधी काफ्का थांबते त्या वेळेच्या) आत परतला तर त्याला जुनेच पार्टिशन मिळतात आणि सहसा रीबॅलन्स (पार्टिशनची फेरवाटणी) होत नाही. या टाइमआउटचे मूळ मूल्य पूर्वी १० सेकंद होते, ३.० पासून ते ४५ सेकंद आहे.

उत्तर २:
या उपायाची किंमतही सांगायला हवी. पॉडला उठायला वेळ लागतो म्हणून टाइमआउट वाढवला, तर खरोखर कोसळलेला पॉडही तेवढा वेळ जिवंत धरला जातो आणि त्याचे पार्टिशन कोणीच वाचत नाही. त्यामुळे मी स्टँडबाय रेप्लिका आधी लावेन. त्यांची संख्या मुळात ० असते. ती १ केली की प्रत्येक स्टेटची आणखी एक प्रत दुसऱ्या पॉडवर चेंजलॉग वाचत तयार राहते. २.६ पासूनचा असाइनर भार सारखा वाटण्याआधी कोणाकडची प्रत अद्ययावत आहे हे पाहतो, आणि मूळ सेटिंगनुसार चेंजलॉगच्या टोकापासून १०,००० नोंदींपर्यंत मागे असलेली प्रत तो अद्ययावत मानतो. स्टेटसाठी डिस्क दुप्पट लागेल, पण स्टेट मोठी असेल तर हा सौदा मला परवडणारा वाटतो. त्याच आवृत्तीत आलेल्या वॉर्मअप रेप्लिकांवर (काम हलवण्याआधी नव्या जागी भरल्या जाणाऱ्या तात्पुरत्या प्रतींवर) मात्र इथे विसंबू नये. त्यांचा उपयोग नवे पॉड वाढवताना होतो, कारण तेव्हा जुना मालक काम करत राहू शकतो.

उत्तर ३:
वरच्या दोन्ही उत्तरांतले उपाय करण्याआधी डिस्क तपासावी. स्टेट डिरेक्टरी कायमस्वरूपी व्हॉल्यूमवर नसेल, तर पार्टिशन परत मिळेल पण स्टेट शून्यापासून उभी करावी लागेल. शिवाय एक्झॅक्टली-वन्स (प्रत्येक संदेशाचा परिणाम एकदाच होण्याची हमी) चालू असताना प्रक्रिया नीट बंद न होता मारली गेली, तर स्थानिक स्टेट टाकून दिली जाते. कुबरनेटिस बंद होण्याची सूचना दिल्यावर मुळात ३० सेकंदच थांबते. अ‍ॅप्लिकेशनचे क्लोज (नीट बंद होणे) पूर्ण व्हायला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर ती मुदत वाढवावी.